खासगी अंतराळ स्थानके उभी राहतील, पण ती चालवण्याचा खर्च कोण देणार?

माहुलीकर (सातारा) यांचा प्रश्न

नमस्कार. मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि आमच्या विज्ञान मंडळाचे काम पाहतो. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले, तेव्हापासून मुलांचा या विषयातला रस पुष्कळ वाढला आहे. शुक्लांनी तिथे मूग आणि मेथी रुजवण्याचा जो प्रयोग केला, त्यामागे आपल्या शेजारच्या धारवाडचे कृषी विद्यापीठ होते, हे कळल्यावर मुलांनी प्रयोगशाळेत त्याच बियांना मोड आणून रोज मोजमापे घेतली. त्यातून वर्गात एक वाद सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

शुक्लांची मोहीम ॲक्सिऑम या अमेरिकी खासगी कंपनीने आखली होती, आणि यान व अग्निबाण स्पेसएक्सचे होते. सरकारी होते ते स्थानक. १९९८ पासून तुकड्या-तुकड्यांनी जोडत आणलेले ते सुमारे ४२० टनांचे स्थानक, सध्याच्या योजनेप्रमाणे, २०३० नंतर वातावरणात उतरवून नष्ट केले जाणार आहे. त्यानंतर पृथ्वीजवळच्या कक्षेत नासा स्वतःचे नवे स्थानक न बांधता खासगी कंपन्यांच्या स्थानकांवर जागा भाड्याने घेईल, असे धोरण आहे. बहुतेक मुलांचे म्हणणे असे, की प्रक्षेपणाचे काम खासगी कंपन्यांनी हाती घेतल्यावर ते स्वस्त झाले, तसेच स्थानकांचेही होईल. मला हे तितके सरळ वाटत नाही, कारण अग्निबाणांना उपग्रह सोडणारे गिऱ्हाईक आधीपासून होते. स्थानकांचे गिऱ्हाईक कोण, हे मला कुठेच स्पष्ट दिसलेले नाही. पर्यटक, औषध कंपन्या, लहान देशांची सरकारे अशी नावे घेतली जातात, पण यांपैकी वर्षानुवर्षे पैसे मोजणारे कोण आहेत, आणि स्थानक चालवताना खर्च नेमका कशावर होतो? जाणकारांनी सविस्तर लिहिले तर ते मुलांपुढे ठेवता येईल.

पलूसकर यांचे उत्तर

सर, मी नोकरीची सगळी वर्षे पंप आणि दाबपात्रे बनवणाऱ्या कारखान्यांत काढली, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो. स्थानक बांधण्याचा खर्च सर्वांच्या डोळ्यांत भरतो, पण ते जिवंत ठेवण्याच्या खर्चाची चर्चा फारशी होत नाही. आंतरराष्ट्रीय स्थानकावर एकटी नासा दरवर्षी सुमारे ३ अब्ज डॉलर, म्हणजे २५,००० कोटी रुपयांहून अधिक खर्च करते, आणि त्यातला मोठा वाटा माणसे व माल वर नेण्या-आणण्यावर जातो. आपल्याकडे उपसा सिंचन योजनांचा अनुभव सगळ्यांना आहे. कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून जत-कवठेमहांकाळकडे नेणारी पंपगृहे उभी राहिली, पाणीही चढले, परंतु वीजबिलाची थकबाकी वाढली की पंप बंद पडायचे. खासगी स्थानकांचा पेच मला त्याच जातीचा वाटतो: भांडवल एकदा उभे करता येते, बिल मात्र दर महिन्याला येते.

हे बिल कशाकशाचे असते ते पाहा. माणसाला पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि स्वच्छतेसाठी दिवसाला साधारण ३.८ लिटर पाणी लागते. हे सगळे पाणी खालून नेणे परवडणारे नाही, म्हणून तिथे लघवी, घाम आणि श्वासातली वाफ गोळा करून पुन्हा पिण्याजोगे पाणी तयार केले जाते. हा पुनर्वापर २०२३ मध्ये ९८ टक्क्यांपर्यंत पोहोचला, पण स्थानकावर माणसे सतत राहू लागल्याला तोवर बावीस वर्षे होऊन गेली होती. पाण्याचे विघटन करून प्राणवायू काढणे, कार्बन डायऑक्साइड शोषून घेणे, यंत्रांची उष्णता अमोनियाच्या नळ्यांतून बाहेरच्या रेडिएटरच्या पट्ट्यांपर्यंत नेऊन अवकाशात सोडून देणे, या सर्व कामांना पंप, झडपा, गाळण्या आणि सील लागतात, आणि ज्यांनी कधी देखभाल विभागात काम केले आहे त्यांना माहीत आहे की सुटे भाग हाताशी नसले तर उत्तमातले उत्तम यंत्रही अडून बसते. वर तर सुटा भाग पोहोचवायला अग्निबाण लागतो.

गळतीचे एक उदाहरण देतो. स्थानकाच्या रशियन बाजूला झ्वेझ्दा नावाचा कक्ष आहे. तिथली हवा अगदी सावकाश कमी होत होती, पण भेग काही सापडेना. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अंतराळवीरांनी दारे बंद करून त्या भागात चहाची पत्ती हवेत सोडली आणि ती तरंगत कुठे ओढली जाते ते पाहिले, तेव्हा भेगेची जागा कळली. आम्ही पात्राच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधायचो, त्यामुळे ही बातमी वाचताना मला त्यांची पद्धत लगेच कळली. तरीही त्या भागातली गळती पुढे कितीतरी वर्षे त्रास देत राहिली. अनेक देशांची सरकारे आणि त्यांचे अभियंते पाठीशी असताना ही स्थिती होती. ज्या कंपनीला गुंतवणूकदारांना दर तिमाहीला हिशेब द्यायचा आहे, तिने एका बारीक भेगेसाठी इतकी वर्षे खर्च करायची ठरवली तर तिचे पैसे पुरतील का, हा प्रश्न मुलांपुढे अवश्य ठेवावा.

म्हणूनच नव्या कंपन्यांनी निरनिराळ्या वाटा धरल्या आहेत. व्हास्ट या कंपनीचे हेवन-१ हे एकाच फाल्कन-९ अग्निबाणावरून जाणारे लहान स्थानक आहे. चार जणांनी सुमारे दोन आठवडे राहावे एवढीच त्याची अपेक्षा असल्याने पाणी-हवेच्या पूर्ण पुनर्वापराची जड यंत्रणा टाळून मर्यादित साठ्यावर काम भागवता येते. ॲक्सिऑमने आपले कक्ष आधी आंतरराष्ट्रीय स्थानकाला जोडून नंतर वेगळे करायचे ठरवले, म्हणजे सुरुवातीची वीज आणि आधार तिथून मिळतो. स्टारलॅब हे व्हॉयेजर, एअरबस आणि इतर भागीदारांचे स्थानक स्पेसएक्सच्या स्टारशिप या प्रचंड यानातून एका खेपेत नेण्याचा बेत आहे. ब्लू ओरिजिनचे ऑर्बिटल रीफ हे यांत सर्वांत मोठे चित्र घेऊन आले होते. मला व्यक्तिशः व्हास्टची वाट शहाणपणाची वाटते, कारण लहान वस्तूवर शिकलेले नंतर मोठीला उपयोगी पडते. पण दोन आठवड्यांच्या मुक्कामावरून वीस वर्षांच्या देखभालीचा अंदाज बांधता येत नाही, हेही तितकेच खरे.

हरिपूरकर यांचे उत्तर

मी औषधनिर्मितीत, त्यातही स्फटिकीकरणाच्या विभागात काम करते, म्हणून औषध कंपन्यांपुरते लिहिते.

खाली पृथ्वीवर द्रावणातून स्फटिक बाहेर पडू लागतात तेव्हा जड कण तळाशी बसतात आणि द्रावणात गरम-गार प्रवाह फिरत राहतात, त्यामुळे काही स्फटिक मोठे, काही बारीक, काही एकमेकांना चिकटलेले असे निघतात. सूक्ष्मदर्शकाखाली असा नमुना पाहिला की पुढे गाळताना आणि वाळवताना काय त्रास होणार हे आम्हाला आधीच कळते. कक्षेत तळही नसतो आणि ते प्रवाहही जवळपास थांबतात, म्हणून स्फटिक सावकाश आणि एकसारखे वाढतात. मर्क कंपनीने आपल्या किट्रूडा या कर्करोगावरील औषधाच्या प्रथिनावर आंतरराष्ट्रीय स्थानकात नेमका हा प्रयोग केला, आणि तिथे मिळालेले बारीक, एकसारखे स्फटिक खरोखर चांगले होते. शिरेतून अर्धा तास सलाइनसारखे देण्याऐवजी हे औषध त्वचेखाली सुईने देता यावे, ही त्यामागची आशा होती.

आता पुढचा भाग, जो वर्तमानपत्रांतून सहसा येत नाही. त्वचेखाली देण्याच्या किट्रूडाला अमेरिकेत २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मंजुरी मिळाली, परंतु ते स्फटिकांचे औषध नाही. त्वचेखालच्या थरात औषधाला वाट करून देणारे एक विकर (एन्झाइम) त्यात मिसळलेले आहे आणि ते सगळे पृथ्वीवरच तयार होते. अंतराळातले संशोधन वाया गेले असे मी म्हणणार नाही, कारण स्फटिक कसे वागतात याचे ज्ञान त्यातून मिळाले. पण औषध कंपनी नेहमी आपला प्रश्न सोडवण्याची सर्वांत स्वस्त आणि लवकरची वाट निवडते, आणि कक्षेची वाट ही अजून तशी नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वार्डा नावाच्या कंपनीने माणसाशिवायच हे काम करून दाखवले आहे. त्यांच्या पहिल्या कुपीने, म्हणजे लहान मानवरहित यानाने, कक्षेत रिटोनाविर या एचआयव्हीवरील औषधाचे स्फटिक तयार केले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ती युटाच्या वाळवंटात उतरली. रिटोनाविर निवडण्यामागेही कारण आहे. १९९८ मध्ये या औषधाचा एक नवा, कमी विरघळणारा स्फटिकप्रकार अचानक कारखान्यात डोकावू लागला आणि कंपनीला तेव्हाची कॅप्सूल बाजारातून मागे घ्यावी लागली. आमच्या क्षेत्रात तो प्रसंग आजही शिकवला जातो. मुद्दा असा, की ज्या प्रयोगाला माणसाचा हात लागत नाही त्याला माणसांचे स्थानक कशाला हवे? उलट माणसे असली की त्यांच्या व्यायामाची, पंख्यांची, दारे उघडमिट करण्याची थरथर स्फटिकांना नडते. त्यामुळे औषध कंपन्यांकडे स्थानकांचे भावी आधारस्तंभ म्हणून पाहताना माझे मत बरेच सावध आहे. जिथे प्रयोग चालू असताना क्षणोक्षणी निर्णय घ्यावे लागतात, उदाहरणार्थ ऊती वाढवणे किंवा स्नायूंच्या पेशींवरचे काम, तिथे माणूस हवा आणि तिथे स्थानकाला खरे मोल आहे. परंतु हे काम बहुतांशी सार्वजनिक निधीवर चालते.

मिरजवासी यांचे उत्तर

वरची दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, पण चित्र त्यांत थोडे जास्त काळवंडले आहे. खरे गिऱ्हाईक आपल्या डोळ्यांसमोर आहे आणि ते म्हणजे ज्या देशांकडे स्वतःचे स्थानक नाही त्यांची सरकारे. शुक्लांसोबत त्याच यानात पोलंड आणि हंगेरीचे अंतराळवीर होते. त्याआधी ॲक्सिऑमच्या मोहिमांतून सौदी अरेबिया, इटली, तुर्कस्तान आणि स्वीडनचे अंतराळवीर जाऊन आले. भारताने या मोहिमेसाठी सुमारे ५५० कोटी रुपये खर्च केल्याचे प्रसिद्ध झाले आहे, आणि गगनयानाच्या तयारीत या अनुभवाचा जो उपयोग होईल तो पाहता मला हा खर्च योग्य वाटतो. असे वीस-पंचवीस देश दर दोन-तीन वर्षांनी एकेक माणूस पाठवू लागले, तर लहान स्थानकाचा खर्च निघू शकेल. चीनचे तिआनगोंग स्थानकही आता इतर देशांना बोलावत आहे. पाकिस्तानशी त्यांचा तसा करार २०२५ मध्ये झाला. म्हणजे मागणी आहे, म्हणूनच स्पर्धाही आहे.

पलूसकर

मिरजवासी, देशांच्या सरकारांचा मुद्दा मला मान्य आहे, आणि माझ्या मते पहिली दहा वर्षे हाच मुख्य आधार राहील. फक्त दोन गोष्टी जोडतो. पहिली अशी, की सरकारी गिऱ्हाईक आपले मत बदलते. नासाने २०२१ च्या डिसेंबरमध्ये खासगी स्थानकांच्या आराखड्यांसाठी तीन गटांना मिळून ४१.५६ कोटी डॉलर दिले, त्यांपैकी नॉर्थ्रॉप ग्रमन २०२३ मध्ये स्वतःचा आराखडा सोडून स्टारलॅबच्या गटात गेली. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये नासाने अटच सैल करून, माणसे कायम राहिली नाहीत तरी चालेल, चार जणांना एक महिना राहता आले म्हणजे पुरे, असा नवा रोख घेतला. ज्यांनी मोठे, कायम वस्तीचे स्थानक आखले होते त्यांचा सगळा हिशेब त्यामुळे हलला. दुसरी गोष्ट अशी, की हा प्रयत्न पहिला नाही. २००० साली मीरकॉर्प या कंपनीने रशियाचे मीर स्थानक भाड्याने घेऊन खासगी पैशांवर दोन अंतराळवीर तिथे पाठवले होते. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये मीर समुद्रात उतरवले गेले. बिगेलो कंपनीने फुगवता येणारे कक्ष बनवले, त्यांतला एक २०१६ पासून आंतरराष्ट्रीय स्थानकाला जोडलेला आहे आणि अपेक्षेहून अधिक टिकला, पण २०२० मध्ये त्या कंपनीने सर्व कर्मचाऱ्यांना कमी केले. वस्तू उत्तम होती. नियमित पैसे देणारे गिऱ्हाईक मात्र मिळाले नाही.

विश्रामबागकर (सांगली) यांचे उत्तर

मी वकिली करतो. वरच्या चर्चेत एक मोठा खर्च राहून गेला आहे, तो म्हणजे स्थानक खाली आणण्याचा. जुन्या वाचकांना १९७९ चा जुलै आठवत असेल. अमेरिकेचे स्कायलॅब हे स्थानक कुठे पडणार या भीतीने तेव्हा गावोगावी लोक आकाशाकडे पाहत होते. त्याचे तुकडे अखेर हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले, आणि तिथल्या एस्परन्स या गावाच्या प्रशासनाने कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेला ४०० डॉलरचा दंड लावला. आज आंतरराष्ट्रीय स्थानक नियंत्रितपणे समुद्रात उतरवण्यासाठी जे खास यान लागणार आहे त्यासाठी नासाने २०२४ मध्ये स्पेसएक्सला ८४.३ कोटी डॉलरपर्यंतचा करार दिला, आणि त्यात प्रक्षेपणाचा खर्च धरलेला नाही. खासगी स्थानके आकाराने पुष्कळ लहान असतील हे खरे, परंतु कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर तिचे कक्षेतले स्थानक सुरक्षितपणे उतरवण्याचे पैसे कोणाच्या खात्यातून येतील, हे परवाना देतानाच ठरले पाहिजे.

कायद्याची स्थिती अशी आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या सहाव्या कलमानुसार खासगी संस्थेच्या अवकाशातील कामांची जबाबदारी तिच्या राष्ट्रावर येते, आणि त्या राष्ट्राने परवानगी व सतत देखरेख ठेवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या दायित्व करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीची भरपाई प्रक्षेपक राष्ट्राला दोष सिद्ध न होताही द्यावी लागते. येथे 'प्रक्षेपक राष्ट्र' या व्याख्येत प्रक्षेपण करवून घेणारे राष्ट्रही येते, म्हणून उद्या एखाद्या भारतीय कंपनीने आपला कक्ष अमेरिकी अग्निबाणातून पाठवला तर भारत सरकारही त्यात बांधले जाईल. याचा अर्थ नफा खासगी राहिला तरी शेवटची जोखीम करदात्यांवर येते, आणि म्हणूनच भारताने केवळ २०२३ च्या अवकाश धोरणावर न थांबता संसदेने मंजूर केलेला स्वतंत्र अवकाश कायदा लवकर करावा, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेतही प्रवाशांच्या सुरक्षेविषयी नियम करण्यावर १ जानेवारी २०२८ पर्यंत कायद्यानेच मर्यादा घातलेली आहे. प्रवासी लेखी संमती देऊन स्वतःच्या जबाबदारीवर जातो. ही व्यवस्था काही मिनिटांच्या उड्डाणापुरती समजण्यासारखी आहे, पण महिनाभराच्या मुक्कामाला ती पुरेशी नाही.

माहुलीकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. बिल, गिऱ्हाईक आणि शेवटची जबाबदारी या तीन अंगांनी आता मुलांना वाद घालता येईल. एक शेवटचे विचारतो. आमच्या मंडळातल्या दोन मुली बारावीनंतर याच क्षेत्रात जायचे म्हणतात. भारतीय अंतरिक्ष स्थानकाचा पहिला कक्ष २०२८ मध्ये आणि पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत, असे इस्रोचे उद्दिष्ट आहे. परदेशातली खासगी स्थानके टिकोत वा न टिकोत, या मुलींनी आत्तापासून कशाकडे लक्ष द्यावे?

पलूसकर

सर, अग्निबाणांकडे सगळ्यांचेच लक्ष असते, म्हणून त्यांना वेल्डिंग, सील, निर्वात तंत्र आणि हवा-पाणी शुद्धीकरण या विषयांकडे वळवा. स्थानक सरकारी असो वा खासगी, त्याला ही माणसे लागणारच, आणि ती सहज मिळत नाहीत. आंतरराष्ट्रीय स्थानकाचे अमेरिकी कक्ष २२१९ जातीच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहेत. इस्रोही हाच मिश्रधातू वापरते. या धातूच्या वेल्डमध्ये बारीक छिद्रे राहू न देणे हे मोठ्या कौशल्याचे काम आहे आणि ते पुस्तकातून येत नाही. यंत्र किंवा रसायन अभियांत्रिकी, यांपैकी कोणतीही शाखा त्यासाठी चालेल; हरिपूरकर ताई रसायनाबद्दल माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात हेलियमने गळती तपासण्याचे यंत्र आहे. बंद पात्रातली हवा काढून घेऊन बाहेरून सांध्यांवर हेलियम फवारतात, आणि साबणाच्या पाण्याला वर्षभरात न दिसणारी गळती ते यंत्र काही क्षणांत दाखवते. मालकांशी बोलून ठेवतो. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन या, आणि त्यांना एक गणित करून आणायला सांगा: चार माणसांच्या लहान स्थानकातून रोज पाव किलो हवा गळत असेल, तर वर्षभरात किती हवा खालून न्यावी लागेल आणि ती नेण्याचा खर्च किती येईल. यंत्रापुढे उभे राहून त्याचे उत्तर तपासू.

हरिपूरकर

मीही येईन. मुलींना सांगा, की कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून पाणी परत मिळवणारी साबातिए प्रक्रिया वाचून या. स्थानकावर ती प्रत्यक्ष वापरली गेली आहे आणि बारावीच्या रसायनशास्त्रावर तिचे समीकरण सहज मांडता येते. त्या क्रियेत तयार होणारा मिथेन बाहेर सोडून दिला की त्याच्याबरोबर हायड्रोजनही जातो. तो कसा वाचवता येईल, यावर त्यांनी स्वतः विचार करून यावे.